होमाई व्यारावाला यांची कारकीर्द आणि प्रदर्शनं समजून घ्यायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की 'भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार' या एका ओळीपलीकडे होमाईंबद्दल काही सापडत नाही, तर शोध कसा घ्यायचा. माझ्या मते अडचण नावापाशीच आहे. सुरुवातीचे त्यांचे बरेच फोटो नवरा माणेकशॉ यांच्या नावाने छापले गेले. पुढे त्यांनी 'डालडा 13' हे टोपणनाव घेतलं: जन्म 1913 चा, माणेकशॉ भेटले तेव्हा वय 13 आणि गाडीचा नंबर डीएलडी 13. त्यामुळे जुने अंक चाळताना ही तिन्ही नावं शोधा.

जन्म नवसारीचा, पण घडल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने पहिल्या फोटोंचे प्रत्येकी एक रुपया दिले. युद्धकाळात 'इलस्ट्रेटेड वीकली'त त्यांचे फोटो येऊ लागले आणि 1942 मध्ये ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी त्या दिल्लीला गेल्या. नेहरूंची अनेक रूपं, 1948 मधली गांधीजींची अंत्ययात्रा, 1956 मध्ये सिक्कीममार्गे भारतात येणारे दलाई लामा, हे सगळं त्यानंतरचं.

प्रदर्शनात त्यांचे प्रिंट बघताना कॅमेरा लक्षात ठेवा, म्हणजे चित्र वेगळं दिसतं. त्यांचा रोलीफ्लेक्स कॅमेरा छातीपोटाच्या उंचीवर धरून वरून खाली बघत वापरतात. माणसं किंचित खालून टिपली जातात, म्हणून भव्य वाटतात. वरच्या बघायच्या काचेवर डावं-उजवं उलट दिसतं, त्यामुळे चालत्या माणसामागे कॅमेरा फिरवताना नवखा हमखास उलट्या दिशेला वळतो. एका रोलवर 12 चौकोनी फ्रेम. आडवा किंवा उभा प्रिंट दिसला तर तो बहुधा कापलेला आहे, किंवा दुसऱ्या कॅमेऱ्याचा.

तो दुसरा कॅमेरा म्हणजे स्पीड ग्राफिक. चार बाय पाच इंचांची सुटी फिल्म, एका होल्डरमध्ये दोन. होल्डर बसवा, झाकणपट्टी ओढा, शटर ताणा, टिपा, पट्टी काळी बाजू बाहेर करून परत घाला, होल्डर उलटा. रात्र असेल तर दर फोटोला नवा फ्लॅशबल्ब, आणि जळालेला तापलेला असतो. पट्टी ओढायची राहिली तर फिल्म कोरी, बाजू चुकली तर एकावर एक दोन चित्रं. हा अवजड कॅमेरा साडीत, पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत सांभाळत त्यांनी नेमका क्षण पकडला, याचं मोल फार मोठं आहे.

फोटोखालच्या ओळींवर आंधळा विश्वास नको. लाल किल्ल्यावरचं पहिलं ध्वजारोहण 16 ऑगस्ट 1947 चं. त्या फोटोखाली सर्रास 15 तारीख लिहिलेली असते. नेहरू श्रीमती सायमन यांची सिगारेट पेटवून देतात तो फोटोही त्यांचाच. सायमन या ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नी होत्या. आज मोबाईलवर तो फोटो संदर्भ तोडून बदनामीसाठी फिरवला जातो, हे मला संतापजनक वाटतं.

1970 मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि नंतर बडोद्यात राहिल्या. मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन आलं ते थेट 2010 मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात; मांडणी सबीना गडिहोक यांची. ते पुढे मुंबईतही आलं. 2011 मध्ये पद्मविभूषण, जानेवारी 2012 मध्ये निधन, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रुबिन संग्रहालयात प्रदर्शन. चाळीस वर्षं उशीर झाला, तरी पहिलं मोठं प्रदर्शन त्यांच्या हयातीत झालं, याचं समाधान आहे.

गडिहोक यांनी लिहिलेलं 2006 चं चरित्र आधी वाचा, त्यात फोटोही भरपूर आहेत. फोटोंचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. तिथे विचारणा करताना नुसतं 'नेहरूंचे फोटो' लिहू नका. प्रसंग, ठिकाण आणि वर्ष लिहा.