छोटे घास, घरचा कार्यक्रम: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

बारसं असो, वाढदिवस असो की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी-नातवंडांचा गोतावळा, ताटभर जेवणाआधी काहीतरी इवलं, देखणं, हातात धरून खाता येईल असं घरीच करायचं, असं या महिन्याच्या बहुतेक पत्रांमध्ये आहे. तक्रारही जवळपास एकच: चारला छान दिसत होतं, सहाला लगदा झाला. खाली सगळीकडे वाटी म्हणजे 200 मिलिलिटरची, आणि मोठा चमचा म्हणजे 15 मिलिलिटरचा.

कळण्याच्या पिठाच्या छोट्या वाट्या तळून त्यात भरीत भरायचं होतं. वाट्या तेलातच फुटल्या. मग मैद्याच्या केल्या, तर भरल्यावर अर्ध्या तासात मऊ पडल्या. चूक कुठे झाली? (एक वाचक, जळगाव)

या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. कळण्यात चार भाग ज्वारी आणि एक भाग काळे उडीद असतात. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापता येते, पण गव्हासारखी ताण धरणारी लवचीकता या पिठात नसते. पातळ लाटून वाटीला गुंडाळलं की वळणावर चीर पडते आणि तेलात तीच उघडते. कळण्याची वाटी करण्याचा हट्ट सोडा, त्याचे रुपयाएवढे खाकरे करा. पीठ कडकडीत पाण्यात मळून प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पातळ लाटा, बाटलीच्या मोठ्या झाकणाने चकत्या पाडा. आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, मग मंद आचेवर फडक्याने दाबत खुटखुटीत करा. भाकरीसारखं पाणी वरून लावू नका, चकत्या फुगल्या की भरीत वर ठरत नाही. चवीलाही हेच सरस. भरताखाली मैद्यापेक्षा कळणाच शोभतो.

वाटीच हवी असेल तर एक वाटी मैदा, पाव वाटी बारीक रवा, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, थोडा ओवा आणि मीठ. पीठ पुरीपेक्षा घट्ट मळा, वीस मिनिटं झाका. पातळ लाटून सहा-सात सेंटिमीटरच्या चकत्या कापा आणि काट्याने भरपूर टोचा. टोचायचं राहिलं तर पुरी फुगते आणि वाटीचा फुगा होतो. स्टीलच्या छोट्या वाटीला बाहेरून तेलाचा हात लावून चकती तिच्यावर बसवा आणि चिमट्याने वाटीसकट मध्यम तापलेल्या तेलात सोडा. कड सुकली की चकती आपोआप सुटते. मग स्टीलची वाटी काढून घ्या आणि मंद आचेवर बदामी होईपर्यंत तळा. मोठ्या आचेवर पटकन रंग आलेली वाटी आतून ओली राहते आणि काही न भरताही तासाभरात मऊ पडते. वीस-बावीस वाट्या होतात. पूर्ण गार करून डब्यात भरल्या तर आठवडाभर टिकतात.

आता भरीत. आपली हिरवट-पांढरी मोठी वांगी गराला चांगली, पण पाणीही तेवढंच सोडतात. पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजा नाहीतर गॅसवर. साल काढल्यावर गराला दोन-तीन उभे छेद द्या आणि चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. भाजलेली मिरची, लसूण, कांद्याची पात नेहमीसारखीच, मात्र अर्ध्या किलो वांग्याला दोन मोठे चमचे दाण्याचा जाडसर कूट जास्त घ्या. कूट सुटलेलं पाणी धरून ठेवतो. मीठ भरायच्या वेळीच घाला, आधी घातलं की गर आणि पात दोन्हींना पाणी सुटतं. एका वाटीत दीड छोटा चमचा भरीत पुरे, म्हणजे अर्ध्या किलो वांग्यात वीस-बावीस वाट्या सहज भरतात. वर चिमूटभर बारीक शेव. हे सगळं पाहुणे बसल्यावर करा, दोघींनी मिळून भरलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

वरण-बट्टी मुलांना आवडते, पण मोठी बट्टी चुरून खाताना ती सांडतात. छोट्या बट्ट्या केल्या तर तेलकट झाल्या आणि काही दगडासारख्या. (एक आजी, अमळनेर)

आजी, बट्टी लहान केली की वाफेची वेळही कमी करावी लागते, आणि कापण्याची घाई तर मुळीच चालत नाही. दोन वाट्या जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, अर्धी वाटी मक्याचं जाडसर पीठ, तीन मोठे चमचे गरम तेलाचं मोहन, एक छोटा चमचा ओवा, अर्धा छोटा चमचा हळद, पाऊण छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर सोडा. पोळीचं बारीक पीठ घेतलंत तर बट्टी चिवट होते. तुमची दगडासारखी झाली ती बहुधा मोहन कमी पडल्यामुळे. पीठ मुठीत दाबल्यावर मूटका टिकला तर मोहन पुरेसं आहे.

कोमट पाण्यात घट्ट मळून वीस मिनिटांनी अडीच सेंटिमीटर जाडीच्या लांबट वळकट्या करा. तेल लावलेल्या चाळणीत अंतर ठेवून पंधरा मिनिटं वाफवा. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झाल्या. आता त्या पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी. गरम वळकटी कापली की कापलेली बाजू चिकट आणि खडबडीत होते, आणि तळताना तीच बाजू तेल पिते. गार झाल्यावर दीड सेंटिमीटरचे तुकडे करा, साठेक होतील. तेल मध्यम गरम हवं. एक तुकडा टाकून पाहा: लगेच बुडबुडे येऊन तो वर आला पाहिजे. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. एका वेळी कढई भरून तुकडे सोडले तरी तेलाची आच उतरते, म्हणून दहा-बारा करूनच तळा.

वरण नेहमीपेक्षा घट्ट ठेवा, पळीवरून रेंगाळत पडेल इतकं. चहाच्या छोट्या कपात अर्धा कप वरण, वर तुपाचा थेंब आणि बाजूला चार बट्ट्या. मूल एकेक बट्टी बुडवून खातं. बट्ट्या वाफवून कापण्यापर्यंतचं काम आदल्या दिवशी उरकून डबा फ्रिजमध्ये ठेवता येतो, तळण मात्र त्याच दिवशी.

वाढदिवसाला साच्यात ढोकळ्याची फुलं केली. पिवळ्या ढोकळ्यावर लाल ठिपके उमटले. बीट घातलेला घाणा तर वाफवल्यावर मातकट झाला. पीठ खराब होतं का? (एक वाचक, धुळे)

पीठ चांगलंच होतं, गडबड सोड्याची आहे. हळद खाण्याच्या सोड्यासारख्या क्षारात लाल होते. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लालसर होतो, तेच इथे झालं. सोडा कोरडा भुरभुरला, नीट मिसळला नाही, की त्याच्या कणाभोवती लाल ठिपका पडतो. एक वाटी बेसनाला हळद छोट्या चमच्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त नको. सोडा पाव छोटा चमचा, तोही चमचाभर पाण्यात विरघळवून, आणि सोबत एक मोठा चमचा लिंबाचा रस. आंबटपणा पुरेसा असला की सोडा मागे उरत नाही. इनो वापरलं तर त्यात आंबट घटक आधीच असतो, म्हणून एक छोटा चमचा इनोला लिंबू अर्धंच घ्या. ते घातल्यावर एका दिशेने वीस-पंचवीस वेळा ढवळा आणि लगेच साच्यात ओता. घाणा ठेवून दिला की फुगवटा कटोऱ्यातच संपतो. वरच्या बट्टीतही हळद आणि सोडा एकत्र आहेत, तिथेही सोडा पाण्यात विरघळवूनच घाला.

बिटाचा रंग उलट वागतो. त्याला आंबट लागतं. सोड्यात आणि लांब वाफेत तो पिवळट-तपकिरी होतो. गुलाबी फुलं करायची तर बेसनाचा नाद सोडा, कारण बेसन मुळातच पिवळं. आंबवलेलं इडलीचं पीठ घ्या, सोडा अजिबात नको. दोन वाट्या पिठाला बिटाचा दाट रस दोन मोठे चमचे, वर अर्ध्या लिंबाचा रस. साचे लहान असतील तर आठ ते नऊ मिनिटांची वाफ पुरते. हिरव्यासाठी पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका, मग पिळून वाटा. पालकाला आंबट सोसत नाही, त्याचा हिरवा काळपट पडतो, म्हणून हे पीठ फार आंबलेलं नसावं आणि पालक ऐनवेळी घालावा.

फुलाला डोळे-नाक काढायचे तर काळे तीळ किंवा मनुकेचा कण वापरा. पुष्कळजण काळे मिरे लावतात. फोटोत छान दिसतं, आणि पहिल्याच घासाला मूल रडतं.

मे महिन्यात मुलाचा वाढदिवस. क्रीमचा केक दरवर्षी आडवा होतो. दुसरं गोड काय करता येईल? (एक वाचक, रावेर)

रावेरला बसून केकची काळजी कशाला? पारा 44-45 वर गेला की क्रीमला कोणीच वाचवू शकत नाही. थंडगार केळी कांडीवर लावा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तुमच्या तर अंगणातच घड असेल. पण या कामाला सगळी केळी सारखीच पिकलेली हवीत, आणि घरी पिकवलेल्या घडाच्या फण्या पुढे-मागे पिकतात. म्हणून रंग पाहून निवडून घ्या: पूर्ण पिवळी, काळे ठिपके नसलेली, दाबल्यावर घट्ट. ठिपके पडलेलं केळं कांडीवरून घसरतं.

सहा केळी सोलून लगेच प्रत्येकी तीन तुकडे करा. सोललेलं केळं हवा लागली की काळं पडतं, म्हणून एका लिंबाचा रस ब्रशने फिरवा. मऊ बाजूने नव्हे, कापलेल्या सपाट टोकातून आइस्क्रीमची कांडी निम्म्यापर्यंत खोचा. बटर पेपरवर आडवे ठेवून किमान तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. 250 ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट आणि एक मोठा चमचा खोबरेल (खायचं) किंवा बिनवासाचं तेल, गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात वितळवा. खालचं पाणी उकळायला नको आणि ते वरच्या भांड्याला टेकायलाही नको. पाण्याचा एक थेंब किंवा वाफ चॉकलेटमध्ये गेली तर ते एकदम दाटून गोळा होतं. पातळ करायला दूध तर मुळीच नाही, त्यातही पाणीच असतं.

वितळलेलं चॉकलेट उभ्या पेल्यात ओता, पसरट भांड्यात केळं धड बुडत नाही. ते बोटाला कोमट लागेल इतकं निवू द्या. केळ्यावर बर्फाचा पांढरा थर दिसला तर कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर चॉकलेटचं टोपण निसटतं. बुडवा, एकदा फिरवा, निथळू द्या. पंधरा-वीस सेकंदांत ते घट्ट होतं, तेवढ्यात दाण्याचा भरडा किंवा रंगीत बडीशेप भुरभुरायची. परत फ्रीझरमध्ये ठेवा आणि वाढताना सहा-सहा करून बाहेर काढा. सगळी एकदम बाहेर आली तर शेवटच्या मुलाच्या हातात नुसती कांडी उरते.

नागलीच्या (नाचणीच्या) पापडाचे कोन करायला गेले, सगळे मोडले. (एक वाचक, नंदुरबार)

मोडणारच. नागलीचा पापड आणि बिबडी (ज्वारीचा पापड) भाजली की लगेच कडक होतात, वळायला वेळच देत नाहीत. कोनाला उडदाचा पापड घ्या. गोल पापडाचे कात्रीने दोन भाग करा, तव्यावर फडक्याने दाबून दोन्ही बाजूंनी भाजा आणि तव्यावरून काढताक्षणी गुंडाळा. हाताशी तीन-चार सेकंदच असतात. सरळ विस्तवावर भाजला तर कडा आधी कडक होतात आणि तिथूनच तडा जातो. कोनात कांदा-टोमॅटो भरायचा तर टोमॅटोच्या बिया आणि रस काढून टाका. नागलीचे पापड तळून, तुकडे करून, दह्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मध्ये ठेवा. तेही कोनाइतकेच पटकन संपतात.

पंचवीस माणसं, त्यात आठ मुलं. किती नग करायचे? (एक वाचक, भुसावळ)

नंतर जेवण असेल तर मोठ्यांना प्रत्येकी पाच-सहा आणि मुलांना चार नग पुरतात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. जेवण नसेल तर दुप्पट. पदार्थ चारच ठेवा: एक तळलेला, एक वाफवलेला, एक बिनशेगडीचा, एक गोड. सात-आठ प्रकार मांडायचा मोह होतो, पण मग करणारी बाई स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही.

काड्या टोचलेले पदार्थ लहान मुलांना द्यावेत का? (एक वाचक, चोपडा)

पाच वर्षांखालच्यांना टोकदार काडी नको, बोथट कांडी चालते, तीही मोठं माणूस जवळ असताना. त्याच वयाला अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं आणि फुटाणे ताटातच ठेवू नका, घशात अडकतात. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, आडव्या चकत्या नकोत, त्या गोलच राहतात. त्यांच्यासाठी दाण्याचा कूटही बारीक हवा. मुलांना खाली बसवूनच खायला द्या. खेळता-पळताना घास घशात अडकण्याचा धोका वाढतो. आणि आलेल्या मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे त्यांच्या आईला आदल्या दिवशीच विचारा. आपल्याकडे भरतापासून चटणीपर्यंत सगळ्यातच दाणे असतात, ऐनवेळी त्या मुलाच्या ताटात वाढायला काही उरत नाही.