ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेल्या शार्डोने वाईनला लोण्याची, व्हॅनिलाची चव कुठून येते?

लोणी किंवा व्हॅनिला त्यात कोणी घालत नाही. शार्डोने हे मुळात अबोल द्राक्ष. स्वतःचा वास फार मिरवत नाही, म्हणून वाईन बनवणाऱ्याचा हात त्यात लगेच कळतो.

फ्रान्सच्या बर्गंडीतलं मर्सो गाव घ्या. तिथे रस २२८ लिटरच्या ओकच्या पिंपातच आंबवतात. पिंप बनवताना आतून विस्तवावर शेकलेलं असतं. व्हॅनिला आणि भाजलेल्या पावाचा वास तिथला. पुढे जिवाणू द्राक्षातल्या झोंबऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात (हो, दह्यातलंच). त्या वेळी डायअ‍ॅसिटिल तयार होतं, लोण्याचा वास त्याचा. तळाला बसलेला यीस्टचा गाळ अधूनमधून ढवळला की वाईन तोंडात सायीसारखी भरीव लागते. बर्गंडीच्याच उत्तरेकडच्या शाब्लीत मात्र बरीचशी शार्डोने स्टीलच्या टाकीत होते. ती लिंबासारखी, धारदार.

१९७६ मध्ये पॅरिसला लेबलं झाकून चाखणी झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या शातो माँटेलेना या वायनरीची १९७३ची शार्डोने बर्गंडीला मागे टाकून पहिली आली. नंतर कॅलिफोर्नियात ओकचा अतिरेकही झाला. नुसतं लाकूड चावल्यासारखं वाटणाऱ्या बाटल्या मी तरी टाळतो. स्वस्तात तर टाकीत ओकचे तुकडे सोडून काम भागवतात.

फार गार पिऊ नका, वास दबतो. १०-१३ अंश पुरे. सोबत लोण्यातला लॉबस्टर किंवा रोस्ट चिकन.