गाडीची एकुलती एक चावी हरवली. गाडीवर कर्ज आहे. शोरूमवाले अख्खा लॉकसेट बदलायला सांगतात. बाहेरच्या चावीवाल्यावर विश्वास ठेवावा का?

प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. रत्नागिरीत आमचं चावीचं दुकान आहे. वडील कानशीने चावी घासायचे, मी मशिनवर कापतो आणि चिपही प्रोग्राम करतो. हाच प्रश्न आमचे साडू मला दर लग्नाकार्यात चारचौघांत विचारतात. ते एका शोरूममध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहेत. बाहेरचा चावीवाला म्हणजे चोराला वाट दाखवणारा, असं त्यांचं ठाम मत आहे.

मागच्या मे महिन्यात गणपतीपुळ्याहून फोन आला. पुण्याचं कुटुंब होतं. चावी खिशात ठेवून जावई पाण्यात उतरले आणि लाटेने चावी नेली. दुसरी चावी पुण्यात घरी, आणि घराच्या किल्ल्या गाडीत. आजींची औषधंही गाडीतच. शोरूमला फोन झाला होता. गाडी टो करून आणा, लॉकसेट मागवावा लागेल, असं उत्तर मिळालेलं.

आरे-वारेच्या रस्त्याने पोचलो. "दादा, आधी दार उघडा," म्हणून जावई मागे लागले. मी पेटी उघडली नाही. आधी आरसी दाखवा म्हटलं. गाडी सासऱ्यांच्या नावावर. जावई चिडले, बायकामुलं उन्हात उभी आहेत आणि तुम्हाला कागद सुचतायत, म्हणाले. तरी सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावायला लावला. त्यांचं ओळखपत्र आणि डिजिलॉकरमधली आरसी बघितली, नंबरप्लेट जुळवली, मगच दार उघडलं. औषधं आजींच्या हातात दिली. मग चासी नंबर ताडून बघितला आणि त्यानंतर कोरी चावी हातात घेतली. दाराच्या लॉकवरून दाते वाचले, चावी कापली, चिप गाडीला ओळखवली आणि समुद्रात गेलेली चावी गाडीच्या मेमरीतून पुसली. अंधार पडायच्या आत मंडळी पुण्याच्या रस्त्याला लागली. शोरूमच्या काउंटरवर याहून वेगळं काय बघतात, ते साडूंनी सांगावं.

आता तुमचं. नुसती चावी हरवली म्हणून लॉकसेट बदलायची गरज बहुतेक गाड्यांना नसते. चावीच्या मुठीत एक चिप असते. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. गाडीने चिप ओळखली तरच इंजिन चालू होतं. म्हणून नवी चावी करताना जुनी मेमरीतून काढायला सांगा. ती कुणाला सापडली तरी त्या चावीने इंजिन चालू होणार नाही. दार मात्र उघडेल, कारण दाते तेच आहेत. चावी घराच्या पत्त्यासकट किंवा पाकिटाबरोबर चोरीला गेली असेल, तर लॉक बदलाच, तिथे शोरूमचं बरोबर आहे. गाडी घेताना चावीबरोबर धातूची छोटी पट्टी मिळते, तिच्यावरचा नंबर सापडला तर चावी कापण्याचं काम सोपं होतं.

पोलिसात हरवल्याची नोंद आजच करा. पुढे कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा हा कागद लागेल. पॉलिसीत चावीचं ॲड-ऑन आहे का तेही बघा.

आणि एक चावी झाली की लगेच दुसरी करून घ्या. एक चावी चालू असताना दुसरी ओळखवणं सोपं आणि स्वस्त असतं. दुसरी वेगळी प्रोग्राम करून मागा, क्लोन (पहिल्या चावीच्या चिपची हुबेहूब नक्कल) नको. क्लोनला गाडी मूळ चावीच समजते, त्यामुळे उद्या एक पुसायची वेळ आली तर दोन्ही बंद पडतील.

जो चावीवाला आरसी न बघता हत्यार काढतो, त्याच्याकडे जाऊ नका. माझ्या धंद्यात असे आहेत, आणि त्यांच्यामुळेच साडूंना बोलायला तोंड मिळतं. पण त्यांच्यावरून सगळ्यांना चोर ठरवू नये.

बटण-स्टार्टच्या अगदी नव्या किंवा महागड्या जर्मन गाड्यांचं काम बाहेर सहसा होत नाही, ती शोरूमलाच न्या. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला कुणाला हात लावू देऊ नका. कर्ज आहे असं तुम्ही लिहिलंय: काही फायनान्सवाले, विशेषतः जुन्या गाडीच्या कर्जात, दुसरी चावी स्वतःकडे ठेवतात. पैसे खर्च करण्याआधी तिथे एक फोन करा.