मुलांना कादंबरी सुचवताय? मग एवढं करा

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली. स्वतःला लहानपणी आवडलेली जाडजूड कादंबरी मी नऊ वर्षांच्या भाचीच्या हातात कौतुकाने ठेवली. महिनाभराने पाहिलं तर खूण बाराव्या पानावरच! तिला तेव्हा विंचवांचं वेड होतं, आणि ते मी विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी मुलाला विचारा, हल्ली डोक्यात काय चाललंय? पुस्तकावर छापलेला वयोगट नंतर बघा.

सुरुवातीला एवढं पुरे:

- मधलंच एखादं पान मुलाला वाचायला द्या. पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक एकट्याने वाचायला जड आहे. परत ठेवू नका, तुम्ही वाचून दाखवा. ऐकून समजणं बरंच पुढे असतं. मोठ्या मुलांनाही वाचून दाखवलेलं आवडतं, फक्त ती तसं म्हणत नाहीत.
- एकाऐवजी तीन पुस्तकं समोर ठेवा आणि निवड त्यांच्यावर सोडा.
- प्रकरण संपल्यावर 'काय शिकलास?' विचारू नका. तो प्रश्न आला की गोष्टीचा धडा होतो. त्यापेक्षा 'तो दार उघडेल असं वाटतं का?' असं काही विचारा.

पुस्तक अर्धवट सोडलं तर सोडू द्या. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यात हाही आहे.

मालिका, पुरस्कारांच्या याद्या वगैरे नंतर. आधी एक गोष्ट शेवटपर्यंत पोचू दे.