दोन बोटांचं तोंड आणि दोन वर्षांची मुदत

भूल देताना श्वासाची नळी गळ्यात गेली नाही, ऑक्सिजन उतरला, माणूस गेला: अशी पत्रं अधूनमधून येतातच. तुमचा भाऊ दुर्बिणीतून पित्ताशय काढायला दाखल झाला आणि आठ दिवस आयसीयूत काढून वारला. भूलतज्ज्ञाने आधी नीट तपासलं नव्हतं, तर केस होईल का, असं तुम्ही विचारता. होईल. कधीपर्यंत, हे मात्र विचारलंच नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ऑपरेशनला पुढच्या महिनाअखेरीस दोन वर्षं होतात. मृत्यूची तारीख धरून आठ दिवस जास्त मिळतीलही, पण त्यांच्यावर विसंबू नका. इतके दिवस तुम्ही विनंतीअर्ज देत राहिलात आणि हॉस्पिटल ‘विमा कंपनीशी बोलून कळवतो’ म्हणत राहिलं. पत्रव्यवहाराने मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. भुलीआधीच्या तपासणीचा फॉर्म उशिरा हाती आला म्हणून तेव्हापासून मोजा, असं कुणी सुचवेल. श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की इजा लगेच दिसत असेल तर मुदत तेव्हापासूनच धावते. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. तुमचं कारण त्यांना पटेल याची हमी मी देणार नाही.

आता तपासणीबद्दल. तोंड किती उघडतं, आ केल्यावर घशातलं किती दिसतं (मॅलमपाटी चाचणी), हनुवटी ते कंठमणी अंतर, मान मागे किती जाते, हे खाटेपाशीच पाहतात. पण या चाचण्या फसतात. डेन्मार्कमधल्या १ लाख ८८ हजार रुग्णांच्या २०१५च्या अभ्यासात, नळी घालणं अवघड गेलेल्यांपैकी ९३ टक्के आधी ओळखूच आले नव्हते. समोरचा वकील हाच आकडा पुढे करील, आणि त्यात चूक काही नाही. नळी जाईना, एवढ्याने हलगर्जीपणा ठरत नाही.

तुमची केस वेगळी आहे ती भावाच्या गुटख्याने आखडलेल्या तोंडामुळे. भावाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, भाकरी बारीक तुकडे करून खावी लागे, असं तुम्ही लिहिता. तीन बोटं जायला हवीत. हे ओळखायला चाचणीचं नावही लागत नाही, ‘आ करा’ म्हटलं की झालं. आणि तुम्ही पाठवलेल्या त्या फॉर्मच्या फोटोत ‘एअरवे’चा, म्हणजे श्वासमार्गाचा, रकाना कोरा आहे. केस त्या रकान्यावर उभी आहे. अर्थात हीच नोंद भुलीच्या चार्टवर असेल तर चित्र बदलेल.

म्हणून पूर्ण फाईल हवी. काउंटरवर तोंडी मागून आलात, त्याचा काडीचा उपयोग नाही. लेखी मागा, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यायचे असतात आणि ते तीन वर्षं जपायचे असतात. ज्या दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडत नाही म्हणून तपासलं होतं त्यांचा जुना केसपेपरही शोधा. तुमच्या सांगण्यापेक्षा त्याला वजन आहे.

नळी घालायचे प्रयत्न किती झाले, तेही फाईलमध्ये दिसेल. भारतीय भूलतज्ज्ञांच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना तीनपेक्षा जास्त प्रयत्न नकोत म्हणतात. पुढचा अर्थ तज्ज्ञाने लावायचा, मी नाही.

पोलिसांकडे जायची घाई नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू (२००५) निकालानंतर डॉक्टरवर फौजदारीसाठी घोर हलगर्जीपणा दाखवावा लागतो.

तक्रार जिल्हा आयोगात. बिल पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो. तुम्ही वर्षांचा हिशेब धरा. फाईलसाठी दाखल करणं अडवू नका, ती आयोगाकडून मागवता येते. आणि तक्रारदार तुम्ही नव्हे, वारस: वहिनी, मुलं, आई असतील तर त्याही. वहिनी माहेरी आहेत म्हणता, तर सह्यांसाठी याच आठवड्यात जा.