कयाकमधून व्हेल बघायला जायचंय, पण कयाकिंगचा काहीच अनुभव नाही. जमेल का?

नक्की जमेल. कॅनडात व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्य किनाऱ्याला जॉनस्टन सामुद्रधुनी आहे. तिथल्या गाइडसोबतच्या सहलींत नवख्यांनाही घेतात. दोघांची कयाक चांगली रुंद असते, सहजासहजी उलटत नाही. रोज काही तास वल्हं मारायची तयारी मात्र हवी.

जुलै ते सप्टेंबरमध्ये जा. तेव्हा सामन मासे नद्यांकडे परततात आणि त्यांच्या मागोमाग ऑर्का म्हणजेच ‘किलर व्हेल’ येतात (हे खरं तर डॉल्फिनच्याच कुळातले). हंपबॅक व्हेलही दिसतात.

ऑर्कापासून किमान 200 मीटर लांब राहणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे व्हेल कयाकला खेटून जाईल अशी आशा धरू नका. पण इंजिनाचा आवाज नसल्याने त्यांचा श्वास लांबूनच ऐकू येतो: आधी जोराचा फुत्कार, मग पाण्यावर उभा राहिलेला पाठीवरचा काळा पर. नराचा हा पर माणसाच्या उंचीएवढा असतो! जवळच्या रॉबसन बाइटमध्ये ऑर्का किनाऱ्यालगतच्या गोट्यांवर अंग घासतात. ती जागा 1982 पासून राखीव आहे, आत शिरायचं नाही.

पाणी भर उन्हाळ्यातही गारठवणारं असतं. सुती कपडे टाळा, लोकरीचे घ्या.