डेकवरचा कावळा

पत्र आलंय अमेरिकेतून. थोडं आटोपशीर करून देते.

‘बाबा गेले तेव्हा मला व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळत नव्हती. मी भारतात गेले असते तर इथे परत कधी येता आलं असतं, सांगता येत नव्हतं. सगळं फोनवर पाहिलं. दहाव्याला कावळा शिवेना. तिकडे सकाळचे नऊ, इथे रात्रीचे साडेअकरा. दोन तास सगळे घाटावर उभे. शेवटी काका म्हणाले, “थोरलीत जीव अडकलाय त्याचा.” मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आठवड्याभराने आमच्या डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, कठड्यावर एक कावळा येऊन बसला आणि बराच वेळ हललाच नाही. मी पोटभर रडले आणि त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपले. मिस्टर म्हणतात, कावळे इथे रोजच येतात. आठ वर्षांची लेक विचारते, आजोबा बर्ड झालेत का? बाबांच्या व्हॉट्सअॅपवर मी अजून रोज गुड मॉर्निंग टाकते, एकच टिक येते. मी स्वतःला फसवतेय का?’

ताई, तुमच्या मिस्टरांचं चूक नाही. तिथे कावळे येतातच, आणि तेही आपल्याकडच्यासारखे राखाडी मानेचे नव्हेत, अख्खे काळे. तो बहुधा तुम्ही घर घेतल्यापासून त्याच कठड्यावर बसत असेल. त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, एवढंच नवीन. पण तोवर ऑफिस, लेकीची शाळा, रात्री-अपरात्रीचे फोन यांत बाबांसाठी नुसतं बसायला तुम्हाला जागाच मिळाली नव्हती. ती त्या कावळ्यापाशी मिळाली. यात फसवणूक कुठे आली?

मला काळजी वाटते ती काकांच्या वाक्याची.

घाटावर कावळा का शिवत नाही? गर्दी असते, ऊन असतं. त्या सकाळी आणखी चार-पाच दहावे असले तर कावळ्याचं पोटही भरलेलं असतं. हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक असणार, नाहीतर दर्भाच्या कावळ्याची सोय कशाला ठेवली असती? न शिवलेला कावळा म्हणजे बाबांची नाराजी नव्हे, आणि थोरल्या लेकीवरचा ठपका तर नव्हेच. काकाही दुःखातच होते. तोंडाला आलं ते बोलून गेले.

कावळा येईना की घाटावर काय होतं, आठवून बघा. एकेक जण पुढे होतो आणि गेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलतो. ‘आईला एकटं ठेवणार नाही.’ ‘धाकटीचं शिक्षण पुरं करू.’ एरवी घरात एकमेकांशी धड न बोलणारी माणसं चारचौघांत हात जोडून हे बोलतात. त्या विधीचा जीव मला तरी तिथेच दिसतो. तुम्ही मात्र त्या वेळी फोनच्या या टोकाला होतात, कदाचित म्यूटवर. तुम्हाला बोला म्हणून कुणी म्हटलं नाही.

तेव्हा आता बोला. कावळा आला की दार उघडून बाबांना जे सांगायचं राहिलंय ते मोठ्याने, मराठीत सांगा. यायला जमलं नाही हेही सांगा. तो उडून गेला तरी वाक्य पुरं करा.

वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस, यांनी १९७१ साली जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार कोणत्या ना कोणत्या रूपात जाणवला होता. काहींना तो दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता. बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं, घरच्यांनाही नाही. तुम्ही निदान पत्र लिहिलंत.

उलट्या बाजूचंही सांगते. माझी आई गेल्यावर मला वर्षभर काही म्हणजे काही ‘दिसलं’ नाही. बहिणीच्या स्वप्नात ती यायची, आणि मला बहिणीचा चक्क हेवा वाटायचा. पुढे एकदा जुना कोट काढला तर खिशात आईच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘विमानात पाणी पीत जा.’ त्यात दैवी काही नव्हतं, तिने ती खरोखरच ठेवली होती. काहीच खूण न मिळालेली माणसं हे वाचत असतील तर त्यांना एवढंच म्हणेन, की त्यांचं प्रेम कमी पडलेलं नाही.

मिस्टरांशी वाद घालू नका. ‘कावळा आला की दोन मिनिटं माझ्याशेजारी बस, काही बोलू नकोस,’ एवढं मागा. पटवून द्यायची गरज नाही.

लेकीला मात्र स्पष्ट सांगा. आजोबा गेले, ते परत येणार नाहीत. हा कावळा कावळाच आहे, पण तो आला की आईला आजोबा आठवतात. ‘आजोबाच आहेत’ असं सांगितलंत आणि उद्या रस्त्यावर मेलेला कावळा दिसला, तर ती आजोबांना दुसऱ्यांदा गमावेल. मुलं शब्द जसाच्या तसा धरतात.

जपायचं कुठे? खुणांवरून घराचे, पैशाचे निर्णय व्हायला लागले, किंवा पैसे घेऊन ‘बाबांचा निरोप’ आणून देणारं कुणी भेटलं, तर लगेच थांबा. शोक सहा महिन्यांनंतरही तसाच तीव्र राहिला आणि रोजचे व्यवहार ठप्प झाले, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत आजार म्हणून स्थान आहे. त्यावर उपचार आहेत. जगणंच नको वाटू लागलं तर मात्र एक दिवसही थांबू नका. शक्यतो मराठी बोलणारा समुपदेशक शोधा, ऑनलाइन चालेल. रडता रडता इंग्रजी शब्द शोधत बसावं लागू नये.

राहिली ती एक टिक. मेसेज टाकत राहा, त्यात वावगं काही नाही. पण व्यवहार असा आहे की बरेच महिने रिचार्ज नसलं तर भारतात नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. व्हॉट्सअॅपही १२० दिवस न वापरलेलं खातं काढून टाकतं. एखाद्या सकाळी बाबांच्या नावापुढे दोन टिका उमटतील आणि अनोळखी माणूस विचारेल, ‘कौन?’ ते सोसणं कठीण आहे. तेव्हा बाबांच्या व्हॉइस नोट्स आजच वेगळ्या साठवून ठेवा, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा. आणि भारतात जो कुणी बाबांचा फोन सांभाळतोय, त्याला सांगा: सिमला रिचार्ज मार, आणि अधूनमधून फोन सुरू करून व्हॉट्सअॅप उघडत जा.